बिनवायरचे स्वावलंबन

स्वावलंबन हा मोठा सद्गुण आहे, असं शाळेपासून ऐकत आलो. पण स्वावलंबी नक्की म्हणायचं कुणाला, हा प्रश्न मला घातला तो भिंतीला भोक पाडायच्या मशिनीने. ड्रिल मशीनच्या दोन जाती. एकीला वायर असते, दुसरीला नसते. बिनवायरवाली दुकानाच्या काचेत ऐटीत बसलेली असते. तिच्याशेजारी वायरवाली म्हणजे शेपूट सावरून उभी राहिलेली गरीब गाय!

तरी आमचं मत गायीला. पडद्याचा रॉड लावायचा तो खिडकीच्या वर, म्हणजे बहुधा काँक्रीटच्या लिंटेलमध्ये. तिथे भल्याभल्यांचा कस लागतो. वायरवालीच्या पाठीशी २३० व्होल्टचा अखंड पुरवठा. पहिल्या भोकाला जो जोर, तोच दहाव्याला. स्वस्तातली बॅटरीवाली मात्र तिसऱ्या भोकाला धापा टाकते आणि चार्जिंगला जाऊन बसते. शिवाय लिथियम-आयनची बॅटरी नुसती कपाटात पडूनही म्हातारी होते. मग नव्या बॅटरीची किंमत ऐकली, की अख्खी मशीनच नवी घ्यावीशी वाटते.

आता तुम्ही म्हणाल, वायर म्हणजे परावलंबन. लाइट गेली की कारभार आटोपला! कबूल. पण बॅटरीतली वीज काय आभाळातून पडते? तीही त्याच भिंतीतल्या त्याच पॉइंटला काल रात्री तोंड लावून प्यायलेली असते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर, वायरवाली लागेल तसं चारचौघांत मागून घेते. बिनवायरवाली आगाऊ उचल घेते आणि वर स्वतःच्या हिमतीवर जगत असल्याचा आव आणते. देणं दोघींच्याही नावावर. एकीचं दिसतं, इतकंच.

'मी कुणाच्या पैचा मिंधा नाही' असं छातीवर हात मारून सांगणारे गृहस्थ मला असेच बिनवायरचे वाटतात. त्यांच्या फीसाठी आईने मोडलेल्या पाटल्या, त्यांच्यासाठी धाकट्याने सोडलेलं कॉलेज, हे सगळं चार्जिंगच. रात्री झालेलं, म्हणून कुणाला दिसत नाही.

बिनवायरवालीचं काही कामच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर भोकं पाडली, ती बॅटरीच्याच ड्रिलने. तिथे पॉइंट कुठे शोधणार? पण ती बॅटरीसुद्धा पृथ्वीवरूनच नेलेली. चंद्रावर जाऊनही माणूस घरचीच शिदोरी खात होता!

वायर पायांत येते, असं लोक म्हणतात. येते खरी. पण मागे वळून पाहिलं की ती कुठल्या भिंतीला जोडलेली आहे, ते तरी समजतं. आईच्या पाटल्यांचं तसं नाही. त्या पायांत येत नाहीत. मुद्दाम आठवाव्या लागतात.