राजीनामा देता येणारी भूमिका

हॉलिवूडमध्ये 1932च्या सुमारास लहान मुलांना घेऊन काही छोटे चित्रपट निघत. चित्रीकरणात एखादे मूल ऐकेनासे झाले की त्याला एका अंधाऱ्या खोक्यात डांबत, आणि बसायला तिथे बर्फाची लादी असे. शर्ली टेंपल चार वर्षांचीही नव्हती तेव्हा तिने ही शिक्षा भोगली. पुढे आत्मचरित्रात तिने ते लिहिले. सहाव्या वर्षी तिला छोटे ऑस्कर मिळाले, 1935 ते 1938 अशी सलग चार वर्षे ती अमेरिकेत सर्वाधिक गर्दी खेचणारी नटी होती. आई रोज रात्री मोजून 56 बटा वळी. चित्रपट कंपनीने जाहिरातीसाठी तिचे वय एक वर्षाने कमी सांगितले होते, ते खुद्द तिलाही पुष्कळ उशिरा कळले. मिळवलेल्या सुमारे 32 लाख डॉलरांपैकी तिच्या नावावर उरले 44 हजार. हीच बाई 1974 साली घानामध्ये आणि 1989 साली चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. आपल्याकडे अशा आयुष्यावर एका शब्दात निकाल लागतो: पूर्वपुण्याई. मला तो निकाल आळशी वाटतो. ज्या कर्माला नकार देता येत नव्हता त्याचे कर्तेपण त्या मुलीच्या माथी किंवा पदरी कसे घालणार?

कर्मसिद्धान्त मानणाऱ्यानेही इतके तरी पाहावे की त्या सिद्धान्तात संचित (साठलेले), प्रारब्ध (भोगायला आलेले) आणि क्रियमाण (आता करत असलेले) असे कर्माचे भेद आहेत. बालपणीची कीर्ती फार तर प्रारब्धात जमा होईल. तिचे पुढे काय केले हे क्रियमाण, आणि माणसाचा जमाखर्च तिथून सुरू होतो. दापोली तालुक्यातल्या चिखलगावच्या टिळक घराण्यातील लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, त्यात कर्मविपाकावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मागचा जन्मच मानत नव्हते. पक्के नास्तिक. त्यांना प्रारब्ध हा शब्दही नको असता. तरी या मुद्द्यासाठी त्यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

परांजपे बालनट नव्हते, पण तरुणपणी एकाएकी डोक्यावर घेतलेला माणूस हे वर्णन त्यांना लागू पडते. 1899 साली, तेविसाव्या वर्षी, ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले (बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर विभागून, हे आपण सहसा सांगत नाही). पहिले भारतीय सीनियर रँग्लर म्हणून देशभर जयजयकार झाला. शर्लीपेक्षा त्यांची मेहनत जाणती होती, हे खरे. पण त्या निकालाला राष्ट्राच्या अस्मितेचे जे वजन आले, ते त्यांनी घातलेले नव्हते. त्यांनी स्वतः ठरवून केले ते पुढचे: शब्द दिल्याप्रमाणे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत परतून माफक पगारावर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद वीसेक वर्षे सांभाळले. मग मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि 1944 ते 1947 ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर, म्हणजे राजदूतच.

कुणी म्हणेल, नाव नसते तर ही पदे मिळाली असती का? कदाचित नसती. पण नावाने उंबरठ्यापर्यंत नेले म्हणून आतला संसार नावाने केला असे होत नाही. शर्लीने 1967 साली अमेरिकी काँग्रेसची निवडणूक लढवली तेव्हा नाव जगभर होते, तरी ती पडली. दुसरा आक्षेप जड आहे. राजदूत तरी काय करतो? दुसऱ्याने लिहून दिलेले बोलतो. मग ती भूमिकाच की. परांजप्यांच्या बाबतीत हे अधिकच बोचते, कारण ते ज्या सरकारच्या वतीने बोलत होते ते 1944 साली इंग्रजांचे होते. परांजप्यांसारख्या मवाळांवरचा हा ठपका मी पुसणार नाही, उलट माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. त्यांना ठपका देता येतो, कारण ते पद नाकारणे किंवा राजीनामा टाकणे त्यांच्या हातात होते. खोक्यातल्या मुलीला राजीनामा नव्हता. म्हणून तिच्या गोड हसण्याचे श्रेयही तिला पुरते देता येत नाही. सांख्य तत्त्वज्ञांनी प्रकृतीला नर्तकी म्हटले आणि पुरुषाला नुसता प्रेक्षक ठेवले; त्या मांडणीत नाचणारीला 'मी नाचत नाही' म्हणायची सोय कुठेच नाही. माझ्या मते कर्तेपण त्या सोयीपाशी सुरू होते.

प्रागचे उदाहरण घ्या. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले तेव्हा शर्ली एका वैद्यकीय संस्थेच्या कामासाठी तिथेच होती. योगायोगच, त्यात कर्तृत्व काही नाही. एकवीस वर्षांनी ती त्याच शहरात राजदूत म्हणून गेली आणि नोव्हेंबरात तिथली राजवट कोसळताना तिच्यावर रोजच्या निर्णयांची जबाबदारी होती. शहर तेच, बाई तीच. हिशेबात धरायची ती दुसरी खेप. तरी 2014 साली ती वारली तेव्हा वर्तमानपत्रांनी फोटो कुरळ्या केसांच्या मुलीचाच काढून छापला. इकडे केंब्रिजने रँग्लरांचे क्रमांक जाहीर करणे 1909 नंतर बंद केले. परांजपे 1966 साली गेले, तोपर्यंत आणि त्यानंतरही मराठीत ते रँग्लर परांजपेच राहिले.