‘नामा म्हणे’ कोणत्या पानावर?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्याकडे निघाली की पिंपळे गुरवशेजारच्या दापोडीतून जाते. दिंडीत ‘नामा म्हणे’ असा शेवट असलेला अभंग कोणी उचलला, तर तो कोणत्या नाम्याचा, असे टाळकरी विचारत नाही. मराठी विकिपीडियावर लेख रचणाऱ्याला मात्र ते टाळता येत नाही. नामदेव (१२७०–१३५०) आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा यांच्या रचना गाथ्यांत मिसळून गेल्या आहेत. माणसे दोन, म्हणून चरित्रलेख दोन हवेत, यात शंका नाही. अभंगांचे पान मात्र नाममुद्रेच्या, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावाच्या, शीर्षकाने एकच असावे आणि कर्त्यांची वाटणी त्याच्या आत, पुराव्यासह व्हावी, असे माझे मत आहे. कारण नाममुद्रा म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद नव्हे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’सारख्या ऑनलाइन कथासंग्रहात चाहते दुसऱ्याच्या पात्रांवर लिहितात, पण टोपणनाव का होईना, स्वतःचे लावतात. मुद्रा घेऊन लिहिणाऱ्या नंतरच्या भक्ताने उलट केले: भाव स्वतःचा, नाव संताचे. त्याला खोटारडा ठरवणारे शीर्षक त्याच्या हेतूवर अन्याय करते.

मग छाननी करायचीच कशाला, असे श्रद्धाळू विचारेल. त्याला उत्तर एकनाथांनीच दिले आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात ओवी मिसळू नये, असे बजावले. पाठ निवडणे हीही भक्तीच. इतिहासकाराचा आक्षेप अधिक टोकदार आहे: एका शीर्षकाखाली सगळे ठेवले की गोंधळालाच मान्यता मिळते. असाच वाद ज्ञानदेवांबाबतही झाला: १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ या पत्रात ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव वेगळे असल्याचे मांडले, तेही ‘भारद्वाज’ या टोपणनावाने! त्यांचा प्रश्न रास्त होता, पण त्यावर विद्वानांचे एकमत झाले नाही. जिथे निर्णयच लागलेला नाही, तिथे दोन पाने केली की प्रत्येक संशयित अभंग कुठल्यातरी एका पानात कोंबावा लागतो; अंदाजाला निकालाचे रूप येते. एका पानावर ‘कर्ता अनिश्चित’ असे प्रामाणिकपणे लिहिता तरी येते.

याला अपवाद गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या ६१ पदांचा. तो संग्रह १६०४ मध्ये सिद्ध झाला, त्याची जपणूक वेगळ्या परंपरेने केली. त्या पदांना ग्रंथाच्या नावाने स्वतंत्र पान द्यावे.