पडद्यावरची हिंसा आणि आपली मुले



आई थकून कामावरून येते. मुले टीव्हीसमोर बसतात. स्वयंपाक होईपर्यंत घर शांत राहते. या सोयीबद्दल त्या माउलीला कोणी दोष देऊ नये. पण त्या तासाभरात पडद्यावर किती माणसे मारली जातात, हे आपण कधी मोजले आहे काय? लहानपणी पाहिलेली ही मारामारी मोठेपणी माणसाच्या हातात उतरते काय?

उत्तर ऐकीव गोष्टींवरून देऊ नये. तपासावे आणि मग स्वीकारावे, हीच तथागतांची कालामांना शिकवण होती. म्हणून तपासून पाहू.

अमेरिकेत शिकागो परिसरातील ५५७ मुलांचा अभ्यास १९७७ साली सुरू झाला. पंधरा वर्षांनी, ती तरुण झाल्यावर, त्यांपैकी ३२९ जणांची पुन्हा चौकशी झाली. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त पाहिलेले पुरुष पत्नीला ढकलणे, अपमान होताच अंगावर धावून जाणे, अशा गोष्टी इतरांपेक्षा अधिक करीत होते. स्त्रियांमध्येही आक्रमकता अधिक आढळली. घरची गरिबी, मुलाची बुद्धी, आईबापांचे वळण या गोष्टी हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला. ज्या मुलांना मारणारा नायक आपल्यासारखा वाटे आणि पडद्यावरचे सारे खरे वाटे, त्यांच्यावर परिणाम अधिक झाला.

आता दुसरी बाजू. दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर १९९५ साली टीव्ही आला. पुढील काही वर्षे तेथील मुलांच्या वागण्याचे निरीक्षण झाले, पण वाईट वर्तन वाढल्याचे दिसले नाही. कारण तेथे घर, शाळा आणि शेजार यांची मुलांवर नजर होती.

मग सत्य कोणते? दोन्हीही. धम्म सांगतो, कोणतीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही. अनेक कारणे एकत्र येतात तेव्हा फळ दिसते. हाच प्रतीत्यसमुत्पाद. टीव्ही हे त्यांतील एक कारण आहे, एकमेव नाही.

म्हणून कोणत्याही मुलावर 'हा पुढे गुंड होणार' असा शिक्का मारू नका. १८७१ च्या कायद्याने या देशात जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्या शिक्क्याचे चटके अजून जाणवतात. जन्माने कोणी नीच नाही, असे मानणाऱ्यांनी पडद्यालाही विधिलिखित मानू नये. अंगुलिमालासारखा खुनी बदलला, तेथे आपले लेकरू का बदलणार नाही?

बदल घडविता येतो. अमेरिकेतील सॅन होजे शहरात एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिने टीव्ही कमी पाहण्याचे धडे दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, असे धडे न मिळालेल्या दुसऱ्या शाळेच्या तुलनेत, या मुलांचा आक्रमकपणा कमी झाल्याचे त्यांच्या वर्गमित्रांनीच नोंदविले.

आपणही करावे. टीव्हीची आणि मोबाईलचीही वेळ ठरवा. मुलांशेजारी बसा. मारामारी दिसली की विचारा, 'ज्याला लागले त्याच्या आईला काय वाटले असेल?' हा एक प्रश्न मुलाच्या मनात करुणा जागवितो.

आणि शेवटी एक कटू गोष्ट. टीव्ही बंद केला, पण बापाने आईवर हात उगारला, तर उपयोग काय? मुलासाठी सर्वांत जवळचा पडदा म्हणजे आपले घर. तेथे जे दिसते ते त्याला खरेच वाटते, कारण ते खरेच असते. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील आपण विहारात मोठ्याने म्हणतो. ते घरात मुलांच्या डोळ्यांना दिसू द्या.

जय भीम.