पैसे ज्याचे त्याच्या हाती

परदेशी निघालेल्या आपल्याकडच्या कुटुंबात पासपोर्ट प्रत्येकाचा वेगळा असतो, पैसे मात्र एकाकडेच असतात. बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. कार्ड त्याच्या नावाचं, ओटीपी त्याच्या फोनवर, नोटा त्याच्या पाकिटात. बाकीचे मागून चालणार. जपानला जाताना मी मात्र माझ्या नावाचं, येन भरलेलं फॉरेक्स कार्ड वेगळं काढून घेतलं होतं. क्योतोत ह्यांच्या बँकेने व्यवहार संशयास्पद ठरवून क्रेडिट कार्ड अडवलं, तेव्हा पुढचा सगळा प्रवास त्या कार्डावर झाला.

रिझर्व्ह बँकेचा नियमही माणसागणिक विचार करतो. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा माणशी आहे आणि त्यासाठी पॅन ज्याचा त्याचा लागतो. मग घरातच आपण बाईला हिशेबाबाहेर का ठेवतो? ॲड-ऑन कार्ड दिलं म्हणून समाधान मानू नये. त्याची मर्यादा मूळ कार्डाचीच असते. मूळ खातं अडलं की तेही बहुधा अडतं.

कार्ड असून भागत नाही, ते वापरता यायला हवं. 1 ऑक्टोबर 2020 पासून नवं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड येतं ते फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू असलेलं. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आपण सुरू करायचा असतो. हे घरी, शांतपणे करावं, आणि ज्याचं कार्ड त्यानेच करावं.

दुकानातल्या यंत्रावर कधीकधी एक प्रश्न येतो : रक्कम रुपयांत घ्यायची की येनमध्ये? रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच वळतं. पण रुपये निवडले की दर आपली बँक नव्हे, तर त्या दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि आपला नफा त्यात धरते. येन भरलेल्या कार्डावर तर येनचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा येन, असा दोनदा भुर्दंड बसतो. काही बँका अशा व्यवहारावर वेगळं शुल्कही लावतात. म्हणून नेहमी त्या देशाचं चलनच निवडावं. दुकानदार घाईत असला, मागे रांग असली, तरी पडदा वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

जपानमध्ये रोख अजून लागते. छोट्या खानावळीत दाराशीच कूपनाचं यंत्र असतं. काही जुनी यंत्रं फक्त नाणी आणि हजार येनच्या नोटाच घेतात. गल्ल्यावर पैसे हातात देत नाहीत, समोरच्या छोट्या तबकात ठेवतात. मोड तशीच परत येते. मला ती पद्धत फार आवडली. दिलेले आणि घेतलेले पैसे दोघांच्याही नजरेसमोर राहतात. आपण नाण्यांना चिल्लर म्हणून पर्सच्या तळाशी टाकतो, पण तिथलं पाचशे येनचं एकच नाणं अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात जातं. ती रोज संध्याकाळी मोजावीत आणि तिथेच खर्चावीत. परतल्यावर आपल्या बँका नोटा बदलून देतात, नाणी घेत नाहीत.

सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन मिळतात आणि यंत्र इंग्रजीतही बोलतं. पहिल्यांदा पैसे काढले तेव्हा मला झालेला आनंद पैशांचा नव्हता. अनोळखी गावात मी कुणावर अवलंबून नाही, याचा तो होता. आयुष्यभर घरखर्च काटेकोर चालवलेल्या बायका विमानतळावर पाऊल ठेवताच दोन कप चहासाठी नवऱ्याकडे बघतात, ते मला सहन होत नाही.

तेव्हा तिकिटं काढाल त्याच आठवड्यात आईच्या, बायकोच्या नावाने वेगळं कार्ड काढा, पिन तिला ठरवू द्या, आणि निघण्यापूर्वी घराजवळच्या दुकानात एखादी खरेदी तिच्याकडून करवून घ्या. फॉरेक्स कार्ड भारतात चालत नाही, म्हणून हा सराव तिच्या रोजच्या डेबिट कार्डावर करा.