मात्रा किती, माणसं किती

बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटलं की आपल्याला संगणकाच्या कंपन्या आणि तिथे नोकरीला गेलेली नात्यातली मुलं आठवतात. होसूर रस्त्याने तिथून थोडं पुढे गेलं की बोम्मसंद्र लागतं. तिथल्या नारायणा हेल्थ सिटीत इम्युनील ही कंपनी रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून रक्ताच्या कर्करोगावर औषध तयार करते. ‘कारटेमी’ या नावाने ते जानेवारी २०२५ मध्ये आलं. आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार१९’ या अशाच औषधाला त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, परवानगी मिळाली होती.

या उपचाराला कार-टी म्हणतात. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात आणि बाकीचं रक्त अंगात परत सोडतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्या पेशींमध्ये नवं जनुक घालतात, मग त्या कर्करोगाच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखू लागतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत देतात. पुढचे दिवस जोखमीचे असतात. ताप चढतो, रक्तदाब उतरतो, कधी मेंदूवर परिणाम होतो. म्हणून रुग्णाला रोज कागदावर एक वाक्य लिहायला सांगतात. अक्षर बिघडलं, शब्द अडखळले, की डॉक्टर सावध होतात. एवढ्या अद्ययावत उपचारातही पेन आणि कागद लागतातच.

२०१७ मध्ये अमेरिकेत असा पहिला उपचार आला तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. नेक्सकार१९चा खर्च ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात जातो. हे मोठं यश आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण आयुष्मान भारतचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे. उरलेली रक्कम कुठून आणायची? कोणी शेत विकायला काढतं, कोणी उपचारच सोडून देतं.

म्हणूनच टाटा मेमोरियलची दुसरी एक चाचणी मला जास्त मोलाची वाटते. डोक्या-मानेचा कर्करोग बळावलेल्या किंवा उलटलेल्या रुग्णांवर ती झाली. हा आजार आपल्याकडे तंबाखूने घरोघर नेला आहे. निव्होलुमॅब हे महागडं औषध एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. इथे तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत स्वस्त गोळ्या. निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर सोबत निव्होलुमॅबही मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही ज्यांना पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्यांच्या पदरात आयुष्याचे महिने पडले.

कमीत कमी किती औषधात काम भागतं, हा प्रश्न नवं औषध शोधण्याइतक्याच तोलाच्या विज्ञानाचा आहे. औषध विकणारी कंपनी तो विचारणार नाही, कारण उत्तर तिच्या तोट्याचं असतं. तो विचारायचं काम सार्वजनिक रुग्णालयांचं आहे. कारटेमीचं मूळ तंत्रही बार्सिलोनाच्या एका सार्वजनिक रुग्णालयात घडलं आहे. आपल्या सरकारांनी अशा चाचण्यांसाठी दरवर्षी स्वतंत्र निधी ठेवावा, आणि मतं मागायला येणाऱ्यांना तुम्ही-आम्ही त्याचा जाब विचारावा.