समतोलातली हालचाल

एखादी गोष्ट समतोलात आहे म्हणजे तिच्यात काही घडत नाही, असे आपण सहज धरून चालतो. शांतीची आपली कल्पनाही बहुतेकदा याच समजुतीवर उभी असते. सांख्यदर्शनाने मात्र इथे फार सूक्ष्म भेद केला होता. प्रकृती म्हणजे सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांची साम्यावस्था. पण त्या अवस्थेतही गुण क्षणभर थांबत नाहीत, असे वाचस्पती मिश्रांनी सांख्यकारिकेवरील टीकेत स्पष्ट केले. प्रत्येक गुण आपल्याच रूपात परिणत होत राहतो. हा सदृश परिणाम. सृष्टी सुरू होते ती विरूप परिणामाने, म्हणजे गुण विषम होऊन वेगळ्या रूपात परिणत होतात तेव्हा. जो बदल बाहेर कधी दिसतच नाही, त्याला बदल का म्हणावे, असे कोणी विचारील. विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने या प्रश्नाला प्रयोगाची जागा मिळवून दिली, असे मी मानतो.

शुद्ध पाणी घ्या. २५ अंश सेल्सियसला त्याच्या एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन १०⁻⁷ मोल असतात आणि हायड्रॉक्साइड आयनही तेवढेच. वर्षभर मोजत राहिले तरी आकडा हलत नाही. तरीही पाण्याचा कोणताही रेणू सरासरी अकरा तासांतून एकदा फुटतो, आणि सुटे आयन एकमेकांना गाठताच पुन्हा जुळतात. या जुळणीचा वेग दोन द्रव मिसळून मोजता येत नाही. मिसळेपर्यंत सारे आटोपलेले असते. १९५० च्या दशकात गटिंगेन येथे मान्फ्रेड आयगेन आणि लिओ द मायर यांनी मिसळण्याचा मार्गच सोडला. प्रबळ विद्युत क्षेत्रात दुर्बल आम्लांसारख्या अंशतः फुटणाऱ्या पदार्थांचे विघटन वाढते, हे माक्स वीन यांच्या प्रयोगांत दिसले होते. १९३४ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी त्याचा सिद्धांत मांडला. सेंटिमीटरला लाखभर व्होल्ट लावले तरी पाण्यात ही वाढ दहा-पंधरा टक्क्यांचीच. पण तेवढा धक्का पुरतो. क्षेत्र एकाएकी लावले की द्रावण नव्या समतोलाकडे सरकते, आणि ते किती वेळात सरकले हे त्याच्या विद्युतवाहकतेवरून कळते. या सरकण्याला शिथिलन म्हणतात. शुद्ध पाण्याला त्यासाठी काही दहा मायक्रोसेकंद लागतात, आणि त्यावरून आयन जुळण्याचा वेग काढता येतो. अशा अतिवेगवान अभिक्रियांच्या अभ्यासासाठी आयगेन १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. धक्का दिल्यावर जे दिसले ते धक्क्यानेच घडवले असेल. न ढवळलेल्या पाण्याविषयी त्यातून काय कळणार? पण ऑन्सागर यांच्या सिद्धांतानुसार क्षेत्र विघटनाचा वेग वाढवते, पुन्हा जुळण्याच्या वेगस्थिरांकात मात्र फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाचे त्यांचे १९३१ चे गृहीतक: छोट्या धक्क्यानंतर व्यवस्था ज्या नियमाने सावरते, त्याच नियमाने तिच्यातले आपोआप उद्भवणारे चढउतारही शमतात. म्हणून सावरणे ही धक्क्याआधीच्या हालचालीचीच साक्ष ठरते. शिवाय चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्रात रासायनिक समतोलाला हात न लावताही पाण्यात प्रोटॉनची अखंड देवाणघेवाण चाललेली दिसते. धक्का फार मोठा असेल, तर मात्र आक्षेप खरा ठरतो आणि ती मर्यादा मान्य केलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप सांख्यांच्या साम्यावस्थेवरचा, शंकराचार्यांचा आहे आणि तो अधिक खोल जातो. ब्रह्मसूत्रभाष्यात ते विचारतात: गुण समान असताना त्यांच्यात क्षोभ कोण घडवतो? आत कोणताही गुण मुख्य नाही, बाहेर कोणी प्रवर्तक नाही. मग विषमता येणार कुठून? पाण्यापुरते याचे उत्तर आता देता येते. फिलिप गाइसलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये संगणकीय अनुकरणातून दाखवले की रेणू फुटण्यामागे भोवतालच्या रेणूंच्या हालचालीतून उठणारे विद्युत क्षेत्राचे विरळ, प्रबळ चढउतार असतात. क्षोभ घडवणारा बाहेरून यावा लागत नाही, कारण समता सरासरीत असते; जागोजागी आणि क्षणोक्षणी ती नसतेच. मात्र एवढ्यावर सांख्यांची बाजू जिंकली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाण्यातला क्षोभ शमतो आणि आकडा पुन्हा १०⁻⁷ वर येतो. त्यातून महत् किंवा अहंकार ही सांख्यांच्या सृष्टिक्रमातली पुढची तत्त्वे निपजत नाहीत. प्रकृतीची प्रवृत्ती पुरुषाच्या, म्हणजे चेतन तत्त्वाच्या, भोगासाठी आणि मोक्षासाठी असते असे सांख्य मानतात, तर हे चढउतार कोणासाठीच नसतात. जडाला प्रयोजन कुठून आले, हा शंकराचार्यांचा प्रश्न त्यामुळे जिथल्या तिथे राहतो.