उपेक्षा आणि उपेक्खा



आपणांपैकी ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्यांना चार ब्रह्मविहारांची नावे पाठ करताना एक शब्द हटकून अडतो. मैत्री समजते, करुणा समजते, मुदिताही एकदा सांगितली की समजते. पण चौथा शब्द येतो उपेक्षा, पालीत उपेक्खा. आपल्या बोलीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पिढ्यान्‌पिढ्या समाजाने आपली जी केली, ती उपेक्षा. मग तीच गोष्ट तथागतांनी सद्गुण म्हणून कशी सांगितली? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धम्मग्रंथात दहा पारमितांचे विवरण आहे, तेथे त्यांनी हा घोळ निस्तरला आहे. उपेक्खा म्हणजे बेपर्वाई नव्हे, असे ते बजावतात. आवड-नावड बाजूला सारून, फळ मिळो न मिळो, तरीही कामातून अंग काढून न घेणे, ही उपेक्खा. म्हणजे आपल्या बोलीतल्या उपेक्षेच्या अगदी उलट.

हा घोळ केवळ पुस्तकातला असता, तर मी पाक्षिकाची जागा अडवली नसती. पण आज एका ठिकाणी आपण उपेक्षा करतो आणि मनाला समजावतो की आम्ही अलिप्त आहोत, काळजी घेणारे दुसरे आहेत. ते ठिकाण म्हणजे वृद्धाश्रम.

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा पुढची पिढी पिंपरी-चिंचवडला, भोसरीला गेली. शिकली, नोकरीला लागली. दोन खोल्यांचे घर, नवराबायको दोघेही कामावर, आणि गावाकडे म्हातारी एकटी. ती मोरीत पडते, खुब्याचे हाड मोडते, मिरजेला नाहीतर कराडला शस्त्रक्रिया होते, आणि मग प्रश्न येतो, आता हिला कोठे ठेवायचे? आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचे लहान इस्पितळ असे लोक समजतात. परदेशात त्याच नावाखाली अंथरुणाला खिळलेल्या म्हातार्‍यांची निवासी शुश्रूषा होते. तसले घर आता आपल्या जिल्ह्यांतही पैसे भरले की मिळू लागले आहे.

आईला तेथे ठेवले एवढ्यावरून कोणा मुलाला पापी ठरवणे मला मान्य नाही. घरात ठेवून दाराआड उपाशी ठेवणारेही आहेत. २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वृद्धत्व पाहणीत सुमारे ५ टक्के वृद्धांनी आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. सांगितले एवढ्यांनी, गिळून गप्प बसले त्यांची मोजणी कोण करणार? तेव्हा घर चांगले आणि आश्रम वाईट, असा सोपा हिशेब नाही. प्रश्न ठेवण्याचा नाही, ठेवल्यानंतर पाहण्याचा आहे.

पाहण्याची गरज किती आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांवरून दिसते. साठीपुढच्या दर ६ माणसांमागे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो, असे ती म्हणते. आणि वृद्धांच्या संस्थांत काम करणार्‍या दर ३ कर्मचार्‍यांपैकी दोघांनी गेल्या वर्षात आपल्या हातून असे वर्तन घडल्याचे स्वतःच कबूल केले आहे. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशाने २०१८ साली आपल्या वृद्ध-निवासांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या अंतरिम अहवालाला नाव एकाच शब्दाचे होते, आणि त्याचा मराठी अर्थ होतो, उपेक्षा.

आता खुणा कोणत्या? मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. पण मास्तराला पोराचा चेहरा वाचायची सवय असते, तीच येथे लागते. भेटीला गेल्यावर खुर्चीवर बसून गप्पा मारून परतू नका. आईची पाठ पाहा. माकडहाड, कंबरेची बाजू, टाचा पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. बदलली नाही की आधी कातडी लाल होते, मग फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते. खोल गेलेली अशी जखम एका दिवसात होत नाही. कित्येक दिवस कोणीतरी पाहिले नाही, याची ती नोंदच असते. ओठ सुकलेले, जीभ कोरडी, लुगडे ढगळ झालेले, लघवीचा वास, वाढलेली नखे. दोन्ही दंडांवर सारख्याच जागी काळेनिळे डाग म्हणजे कोणीतरी आवळून धरले असावे. कधीही जा, आई झोपलेलीच, हाक मारली तरी डोळे जड. तर कोणती गोळी चालू आहे ते विचारा, कारण गुंगीत असलेले म्हातारे त्रास देत नाही. आणि आपल्या माणसांत एक खूण वेगळी पाहावी लागते, अंगठ्याला लागलेली शाई. शिक्का कशावर घेतला? पासबुक कोठे आहे? श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली महिना १५०० रुपये झाले. रक्कम लहान, पण खाणारे तेवढ्यावरही टपलेले असतात. (या योजनेला श्रावणबाळाचे नाव देणार्‍याने आईबापांची कावड शेवटी सरकारच्याच खांद्यावर दिली, हे एक बरे झाले.)

आपल्यापुरती आणखी एक चौकशी करा. आईच्या उशाशी बाबासाहेबांची तसबीर ठेवू देतात काय? शेजारणीने जात विचारली काय? ताट वेगळे ठेवतात काय? म्हातारपणी दात गेले, डोळे गेले, पण या देशात जात जात नाही. भेटायला आलेल्या लेकाला मोठ्याने ‘जयभीम’ म्हणायची आईला चोरी वाटत असेल, तर तिथले अन्न कितीही चांगले असो, तिला तेथे सुख नाही.

हे सारे विचारले तरी ती काय सांगते? “काय न्हाय रं बाबा, बरं हाय. तू जा, तुझी गाडी चुकंल.” ज्या मुलाला ऐकून सुटायचे असते, त्याला हे उत्तर पुरते. पण तिला ठाऊक असते की तुम्ही पाच वाजता जाणार आणि रात्र तिला त्याच माणसांच्या हाती काढायची आहे. तिचे बरे आहे म्हणणे ही संमती नव्हे, तो भीतीचा हिशेब आहे. गावकुसाबाहेरच्या आपल्या आजोबांनीही सावकाराला, पाटलाला ‘बरं हाय, सरकार’ असेच उत्तर दिले होते. त्या उत्तरावरून ते सुखी होते असे कोणी म्हटले, तर आपण खवळून उठू. मग आईचे तेच उत्तर आपण खरे का मानतो?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांनी साधा धक्का लागला तरी डाग पडतो. स्मृती गेलेली माणसे कोणी चोरले, कोणी मारले असे नसलेलेही सांगतात. म्हणून डाग दिसला की आयेची गचांडी धरायची, हा न्याय नव्हे. ती आयाही बहुधा आपल्याच वस्तीतली, कोणाची तरी विधवा बहीण असते.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. धम्मात कर्माचे मूळ चेतनेत आहे. हेतू हेच कर्म. मग ज्या आयेच्या वाट्याला वीस अंथरुणे आहेत, जिला रात्रपाळी करून सकाळची पाळीही करावी लागते, तिने एका म्हातारीची कूस बदलली नाही, तर तिचा हेतू दुष्ट होता काय? नव्हता. आश्रमाच्या चालकाला विचारा, तोही म्हणेल, कोणाच्या पाठीला जखम व्हावी अशी माझी इच्छा नव्हती. मुलगा म्हणेल, मी तर दरमहा पैसे भरतो. कोणाचीच इच्छा नव्हती, आणि जखम मात्र हाडापर्यंत गेली आहे. मग ही हिंसा कोणीच केली नाही असे म्हणायचे काय?

मला वाटते, हेतू शोधण्याची जागा आपण चुकतो. जखमेच्या दिवशी हेतू सापडणार नाही. वीस अंथरुणांना एकच बाई ठेवायची, हे ज्या दिवशी ठरले, त्या दिवशी हेतू होता, पैसे वाचवण्याचा. रविवारी जायचे ठरवून तीन रविवार टाळले, तेव्हाही हेतू होता, न पाहण्याचा. पाहिले तर काही करावे लागेल, म्हणून पाहायचेच नाही, हा विचारपूर्वक केलेला निर्णय आहे, आणि निर्णयाला चेतना असते. सिगालोवाद सुत्तात मुलांची आईबापांविषयीची कर्तव्ये आपण वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्याच सुत्तात पुढे मालकाची चाकराविषयीची कर्तव्येही आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेतन आणि अन्न द्यावे, आजारात पाहावे, वेळेवर सुट्टी द्यावी. हे दोन भाग एकत्र वाचले पाहिजेत. आयेला झोप मिळाली नाही, तर आईला पाणी मिळणार नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, दोघांनी डोक्याकडून आणि पायांकडून उचलून त्याला शय्येवर ठेवले. नंतर संघाला विचारले, याची शुश्रूषा का केली नाही? उत्तर आले, तो आमच्या काही कामाचा नाही म्हणून. हे उत्तर गुंडांचे नव्हते, शीलवान भिक्खूंचे होते. म्हणून तो प्रसंग मला फार जवळचा वाटतो. काम संपले की माणूस संपला, असे चांगल्या माणसांनाही वाटते. आपण सातार्‍याचे लोक तर दुसरे उदाहरण अंगणातच बाळगून आहोत. भीमाईचे निधन १८९६ साली येथे झाले, आणि पोरके झालेले भिवा व त्याची भावंडे सांभाळली ती त्यांच्या आत्याने, मीराबाईने. पाठीला कुबड असलेली ती बाई, लोकांच्या हिशेबात घरावरचे ओझे.

आता करायचे काय? आरडाओरडा पहिल्या दिवशी करू नका. तुम्ही गेल्यावर त्याचा सूड तिच्यावर उगवेल. एकटीशी बोला, हात हातात घेऊन, नुसते ‘बरी आहेस का’ असे न विचारता ‘काल रात्री पाणी कोणी दिलं’ असे विचारा. तारीख घालून वहीत लिहा, जखमेचे छायाचित्र घ्या, बाहेरच्या डॉक्टरला दाखवून कागद घ्या. वेळ न कळवता, जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी जा. शेजारच्या खाटेवरच्या बाईशीही बोला, तिला तर भेटायला कोणीच येत नसते. व्यवस्थापकाला तोंडी न सांगता लेखी द्या आणि पोच घ्या. मार बसला असेल किंवा जीव धोक्यात असेल, तर आधी आईला तेथून हलवा आणि ११२ वर पोलिसांना बोलवा. जातीवरून अपमान झाला असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांसाठीचा विनामूल्य दूरध्वनी १४५६७ हा आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातही अर्ज द्या. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करण्याचे एक विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून चार खोल्या भाड्याने घेऊन पाटी लावणार्‍यावर नजर ठेवण्याचे काम सध्या बरेचसे तुमच्याआमच्याच माथी आहे.

मुलेच टाकून गेली असतील, तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. प्रांताधिकार्‍यापुढे अर्ज करायचा. सातारा, कराड, वाई, फलटण, मिरज, विटा, जत येथे ही कार्यालये आहेत. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह देववता येतो. सांभाळणार्‍यानेच वृद्धाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडले, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या नावे घर वा जमीन बक्षीस करून देणार असाल, तर ‘त्याने मला सांभाळावे’ ही अट दस्तातच लिहा. पुढे त्याने सांभाळले नाही तर दस्त रद्द करून घेता येतो. अट न लिहिल्यामुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणे गेली आहेत. लातूर जिल्हा परिषदेने तर आईवडिलांना न सांभाळणार्‍या आपल्या कर्मचार्‍यांच्या पगारातून ३० टक्के कापून आईबापांना देण्याचे २०२० साली ठरवले. ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांत शिक्षक होते. शाळेत वंदना म्हणवून घेणारे, माझ्याच धंद्यातले.

शेवटी त्या भगिनींशी दोन शब्द, ज्या अशा ठिकाणी कामाला जातात आणि हे पाक्षिक ज्यांच्या घरी येते. रात्री काय घडते हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. बोललात तर काम जाईल, ही भीती खरी आहे. तिला मी खोटी म्हणणार नाही. पण तुम्हांला एकटीने उभे राहण्याचे कारण नाही. कायद्याप्रमाणे जिला अर्ज करवत नाही, तिच्या वतीने तिने अधिकार दिलेल्या दुसर्‍या व्यक्तीला किंवा संस्थेला निर्वाहाचा अर्ज करता येतो, आणि प्रांताधिकार्‍याला आपणहूनही दखल घेता येते. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. गावातल्या बुद्धविहाराच्या समितीने रविवारच्या वंदनेनंतर दोन माणसे जवळच्या वृद्धाश्रमात पाठवायचे ठरवले, तर तुम्हांला सांगायला कोणीतरी मिळेल. त्या दोघांनी फळे वाटून छायाचित्र काढून परत येऊ नये. बसावे, पाठीला तेल लावून द्यावे, आणि त्या आठवड्याची रात्रपाळी कोणाकडे होती, ते विचारावे.